हिवाळ्यात बाहेर पळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुणे, नाशिक, सातारा, नगर, नागपूरकडचे पळणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. शेवटचे दोन प्रश्न बर्फाच्या देशात राहणाऱ्यांचे आहेत. ज्याचे उत्तर आधी येऊन गेले आहे, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थंड हवेत पळल्याने फुप्फुसांना थंडी लागते का? न्यूमोनिया होतो का?

नाही. नाक, घसा आणि श्वासनलिका यांतून जाताना हवा गरम आणि ओलसर होते. महाराष्ट्रातल्या ८-१० अंशांत तर निरोगी माणसाला काहीच त्रास व्हायला नको. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, गार हवेमुळे नाही. पहिल्या दहा मिनिटांत घशाला होणारी चुरचुर कोरड्या हवेची असते आणि अंग तापले की ती कमी होते. दमा असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी प्रश्न १६ पाहावा.

२. आपल्याकडच्या थंडीत नक्की काय घालायचे?

मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानात ८ ते १० अंश मिळवा आणि त्या हवेत फिरायला जाताना जे घालाल ते घाला. पळताना शरीर तेवढी उष्णता स्वतःच तयार करते. घरातून निघताना किंचित कुडकुडायला हवे. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत.

१५ अंशांच्या वर अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि शॉर्ट्स पुरतात. १० ते १५ मध्ये पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, किंवा अर्ध्या बाह्या आणि हातांना वेगळ्या स्लीव्ह्ज. स्लीव्ह्ज दोन किलोमीटरनंतर मनगटावर सरकवता येतात, म्हणून त्या जास्त सोयीच्या. ५ ते १० मध्ये वरून पातळ विंडचीटर, पातळ हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी. निफाड, महाबळेश्वर, गोंदिया भागात पारा ५ च्या खाली गेला की पायांना टाइट्स आणि वर दोन थर.

अंगाला लागून असलेला कपडा पॉलिस्टरचा हवा. सुती बनियन घाम शोषून धरते, वाळत नाही, आणि वेग कमी झाला की तोच ओलावा अंग गार करतो. आत सुती बनियन आणि वरून महागडा ड्राय-फिट घालणारे बरेच आहेत. त्या ड्राय-फिटचा मग काही उपयोग राहत नाही.

३. स्वेटर किंवा प्लॅस्टिकचा सूट घालून पळालो तर वजन लवकर उतरते ना?

उतरते ते पाणी. दोन पेले पाणी प्यालात की काटा जागेवर येतो. वर अंग जास्त तापते, चक्कर येते आणि पळणे लवकर थांबवावे लागते, म्हणजे चरबी उलट कमी जळते.

४. अंग घामाने भिजते, पण बोटे आणि कान बधिर होतात. असे का?

गारवा लागला की शरीर हातापायांच्या बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करून पोटाकडचा भाग गरम ठेवते. म्हणून अंगात तिसरा थर चढवण्यापेक्षा वीस ग्रॅमचे हातमोजे जास्त उपयोगी पडतात. ते गरम व्हायला लागले की खिशात कोंबता येतील इतके पातळ घ्या. डोक्याला जाड लोकरी कानटोपी नको, त्यात पाच मिनिटांत घाम येतो. मफलर सुटतो, लोंबतो, कुठेतरी अडकतो. त्याऐवजी गळ्यातून घालायचा नळीसारखा बफ वापरा. तोच कानावर, नाकावर आणि वेळ पडली तर मनगटावर नाक पुसायलाही कामी येतो.

५. सकाळी किती वाजता निघावे? पाचला फार थंडी असते.

असे वाटते खरे, पण सगळ्यात कमी तापमान पाचला नसून सूर्योदयाच्या आसपास असते. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते आणि ऊन पडेपर्यंत पारा उतरत जातो. त्यामुळे ‘थोडी थंडी कमी होऊ दे’ म्हणून पाचऐवजी साडेसहाला निघणारा माणूस जास्त गारव्यात पळतो.

उजेडाचे गणित मात्र पाहा. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय पुण्यात साधारण ७.०८ ला, मुंबईत ७.१४ ला आणि नागपुरात ६.५५ च्या आत होतो. त्याआधी वीसेक मिनिटे रस्ता दिसण्याइतके फटफटते. हाताशी वेळ असेल तर सूर्योदयानंतर अर्ध्या-पाऊण तासाने निघणे उत्तम. अंधार, दव आणि धूर (प्रश्न ११) तिन्ही त्या वेळी कमी होऊ लागतात. नोकरीमुळे ते जमत नसेल तर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. स्नायू दिवसभराच्या हालचालीने सैल झालेले असतात आणि बहुतेकांना वेगही चांगला मिळतो.

आणखी एक. बातम्यांतले तापमान तुमच्या गल्लीचे नसते. पुण्यात शिवाजीनगर आणि पाषाण यांच्या तुलनेत मगरपट्टा किंवा चिंचवडचा किमान पारा अनेकदा काही अंशांनी जास्त असतो. थंड हवा जड असल्याने नदीकाठी आणि खोलगट भागात साचते. टेकडीवर चढलात की उलट उबदार वाटते.

६. उन्हाळ्यात थेट पळायला लागतो. आता पोटरी आखडते. वॉर्मअप किती करायचा?

१० मिनिटे, आणि शक्यतो घरातच सुरुवात. गार स्नायू कमी ताणला जातो. त्याला पहिल्याच मिनिटाला वेगाने ओढले की पोटरी किंवा मांडीच्या मागचा स्नायू धरतो. घरात दोन मिनिटे जागच्या जागी चालणे, जिना असेल तर दोन मजले वर-खाली, २० अर्ध्या बैठका, ३० वेळा टाचा उचलणे, प्रत्येक पाय १५ वेळा पुढे-मागे झुलवणे. मग बाहेर पडून तीन मिनिटे भरभर चालणे आणि पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा ४५-६० सेकंद सावकाश.

एका जागी उभे राहून पाय ताणून धरण्याचे व्यायाम आधी करू नका, ते पळून झाल्यावर करा. अंगणात थंडगार फरशीवर बसून स्ट्रेचिंग करणाऱ्यांना उठताना आपले वय कळते.

७. तहानच लागत नाही. मग पाणी प्यायचे की नाही?

प्यायचे. गारव्यात तहान कमी जाणवते, घाम कोरड्या हवेत लगेच उडून जातो म्हणून दिसत नाही आणि लघवीही जास्त वेळा होते. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक पेला कोमट पाणी. तासाभराच्या आतल्या पळण्यात बाटली नेली नाही तरी चालते. त्यापुढे दर २०-२५ मिनिटांनी चार-पाच घोट.

अंदाज नको असेल तर काटा वापरा. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घट म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी गेले. घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त असेल तर पुढच्या वेळी जास्त प्या. वजन वाढले असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात. लांब पल्ल्यात ते धोक्याचे असते, कारण रक्तातले सोडियम पातळ होते.

८. सकाळी डिंकाचा किंवा तिळाचा लाडू खाऊन पळले तर चालेल?

लाडू उत्तम, वेळ चुकीची. तूप, तीळ, सुकामेवा पचायला दोन-तीन तास लागतात, तेवढ्यात पोटात तो दगडासारखा बसतो. आधी अर्धे केळे किंवा दोन-तीन खजूर पुरे. लाडू पळून आल्यावर खा.

९. नाक सतत गळते. सर्दी झाली आहे का?

बहुधा नाही. थंड कोरडी हवा ओलसर करण्यासाठी नाक जास्त पाणी सोडते. पळणे थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप थांबले तर औषधाची गरज नाही. रुमाल खिशात ठेवा. दिवसभर शिंका, डोळ्यांना खाज, परागकणांचा त्रास असेल तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

१०. पळून झाल्यावर कणकण वाटते, हुडहुडी भरते. काय चुकते?

चूक पळण्यात नसते, त्यानंतरच्या अर्ध्या तासात असते. थांबलात की उष्णता तयार होणे झटकन कमी होते, पण ओला टी-शर्ट अंग गार करतच राहतो. कट्ट्यावर चहा आणि गप्पांत वीस मिनिटे जातात, मग त्याच कपड्यांत स्कूटरला किक. १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना उघड्या, कोरड्या कातडीलाच हवा ६ अंशांसारखी लागते. अंगात भिजलेला कपडा असेल तर त्याहून वाईट.

म्हणून डिकीत तीन गोष्टी कायम ठेवा: कोरडा टी-शर्ट, छोटा पंचा, वारा अडवणारे जॅकेट. थांबल्यापासून पाच ते दहा मिनिटांच्या आत ओला कपडा उतरवा, अंग पुसा, कोरडे घाला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा, मग चहा. बायकांनी ओली स्पोर्ट्स ब्रा बदलण्याचीही सोय पाहावी. छातीला लागून राहणारा ओलावा तिथेच सर्वात जास्त असतो आणि त्याने कातडीही काचते. घरी आल्यावर लगेच कडक पाण्याने अंघोळ नको, पाच-दहा मिनिटे थांबा. काहींना त्याने रक्तदाब उतरून भोवळ येते.

११. सकाळची हवा खरंच शुद्ध असते का?

हिवाळ्यात शहरात बहुधा नसते. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. शेकोट्या, जाळलेला कचरा आणि पालापाचोळा, बेकरी-हॉटेलांच्या भट्ट्या, रात्रीचे ट्रक, बांधकामाची धूळ हे सारे त्या झाकणाखाली अडकते. ऊन तापून खालची हवा वर जाऊ लागली की झाकण फुटते. दृश्य मोठे रम्य, झाडांमधून निळसर धुके. पण त्याला धुराचा वास येत असेल तर ते धुके नाही.

एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, कसा वाचायचा? ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिशय खराब, त्यापुढे गंभीर. गोम अशी की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हा आकडा कणांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सहाला दिसणाऱ्या ‘१४०’ मध्ये कालची दुपारही मिसळलेली असते. मंडळाच्याच ‘समीर’ अॅपवर जवळच्या केंद्राचा तासागणिक पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) चा आलेख पाहा आणि आठवडाभर तो कधी उतरतो ते टिपा. तुमची पळण्याची वेळ तिथून ठरवा.

आमचा ठोकताळा असा: १०० पर्यंत हवे ते करा. १०० ते २०० मध्ये वेगाचा सराव टाळून सावकाश पळा, मुख्य रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत. २०० च्या वर घरातच व्यायाम. दमा, हृदयविकार, गरोदरपण, लहान मुले, साठीच्या पुढचे यांनी १५० लाच थांबावे. रस्त्याकडेला शेकोटी दिसली तर श्वास रोखून पुढे जाण्यापेक्षा बाजू बदला.

१२. एन-९५ मास्क लावून पळले तर?

घाम आणि वाफेने तो ओला होतो, श्वास घ्यायला जोर लागतो, मग माणूस नकळत तो नाकाखाली ओढतो. चालण्यासाठी ठीक आहे. पळण्यासाठी मास्क हवाच असे वाटण्याइतकी हवा वाईट असेल तर त्या दिवशी पळू नका. बफ किंवा कापडी रुमाल बारीक कण अडवत नाही.

१३. अंधारात रस्त्याच्या कोणत्या बाजूने पळायचे?

फूटपाथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने. वळणावर उजवीकडे काही दिसत नसेल तर तेवढ्यापुरते बाजू बदला.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर पट्ट्यात हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाजूला बाहेर आलेली मोळी. तो शेजारून जाताना रस्ता सोडून कडेला उभे राहा. दुसरी ट्रॉली पहिलीच्या रेषेतच येईल असे धरू नका. सांडलेले वाढे आणि ऊस पायाखाली येतात ते वेगळेच.

काळा किंवा गडद निळा टी-शर्ट अंधारात दिसत नाही. परावर्तक पट्ट्या छाती-पाठीपेक्षा घोट्यांवर आणि मनगटांवर जास्त परिणामकारक ठरतात, कारण हलणारी चमक चालकाला ‘माणूस’ म्हणून लगेच कळते. कपाळावरचा दिवा स्वतःला खड्डा दिसण्यासाठी, पाठीवरचा लाल लुकलुकता दिवा इतरांसाठी. एक कान तरी मोकळा ठेवा.

१४. कुत्री मागे लागतात. पळून निसटायचे का?

तुम्ही हरणार. थांबा, कुत्र्याकडे रोखून न पाहता तिरके उभे राहा, हात अंगालगत ठेवा आणि हळूहळू चालत त्याच्या हद्दीबाहेर पडा. थंडीत ती गाड्यांखाली, राखेच्या ढिगाजवळ मुटकुळे करून झोपतात आणि अचानक जवळ आलेल्या पावलांनी दचकतात, म्हणून अशा जागांपासून लांबून जा.

चावलेच किंवा नख लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा.

१५. जुन्नर, आंबेगाव, निफाडकडे शेतरस्त्याने पळतो. बिबट्याची भीती खरी की उगाच?

खरी. या भागातले बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्ले घालतात. ऊसतोड सुरू झाली की लपण्याची जागा जाते आणि ते जास्त फिरतात. पहाटे आणि कातरवेळी उसालगतच्या वाटेवर एकट्याने पळू नका. वाकून बुटाची नाडी बांधणारा माणूस लहान प्राण्यासारखा दिसतो, तेव्हा ते काम मोकळ्या जागी करा. दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. गावात बिबट्या दिसल्याची खबर असेल त्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर, उजेडात फेऱ्या मारा.

१६. दमा आहे. पळणे बंद करू का?

बहुतेकांना बंद करावे लागत नाही. थंड, कोरडी हवा वेगाने आत गेली की श्वासनलिका आकसतात; खोकला आणि छातीतली शिट्टी अनेकदा पळणे थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सुरू होते, म्हणून लोकांना ती पळण्याशी जोडता येत नाही. डॉक्टरांशी बोलून आराम देणारा पंप पळण्याआधी साधारण १५ मिनिटे घ्यायचा का ते ठरवा. वॉर्मअप १५ मिनिटांचा करा, नाकातोंडावर बफ ठेवा आणि पंप घरी नाही, खिशात. धुराच्या दिवशी (प्रश्न ११) सुट्टी घ्या.

१७. बीपी, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर?

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात रजईतून उठून थेट जोरात पळणे हे वाईटच. ऊन आल्यावर निघा, सुरुवातीची १५ मिनिटे चाला. गारव्यात चालताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप अशी लक्षणे असतील तर पळणे थांबवून आधी तपासणी. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी) गोळी चालू असेल तर नाडी नेहमीइतकी वाढत नाही, तेव्हा घड्याळातले हृदयगतीचे झोन तुमच्यासाठी निरुपयोगी आहेत. बोलता बोलता पळता येते का हे पाहा.

मधुमेहात एक फसगत नेहमी होते. साखर उतरल्याने येणारी थरथर ‘थंडी वाजतेय’ म्हणून सोडून दिली जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी ठेवावी. थरथरीबरोबर गार घाम, गोंधळ किंवा अचानक भूक असेल तर आधी साखर खा, मग तपासा. तपासण्याआधी हात चोळून गरम करा, नाहीतर रक्ताचा थेंब पुरेसा येत नाही. टाचांच्या भेगांना कोकमतेल रात्री लावा, सकाळी नाही. तेलकट पाय बुटात सरकून फोड येतो, आणि मधुमेहात तो फोड महागात पडतो.

१८. सर्दी-खोकला असताना पळावे का?

लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नुसते वाहते नाक, घशात खवखव, तर अर्धे अंतर सावकाश. मानेच्या खाली असतील, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, जुलाब किंवा ताप, तर अजिबात नाही. ताप उतरल्यावर निदान दोन-तीन दिवस थांबा.

१९. सगळा सराव पुण्यात १० अंशांत झाला, शर्यत जानेवारीत मुंबईत. अडचण येईल का?

येते, आणि ती दर वर्षी तिसाव्या किलोमीटरला कळते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पहाटे पारा २० च्या आसपास असला तरी हवा दमट, घाम उडत नाही, आणि साडेनऊ-दहाला मरीन ड्राइव्हवर सावली नसते. पुण्या-नाशिकच्या थंडीत मिळालेला वेग तिथे टिकत नाही.

शर्यतीआधी १० ते १४ दिवसांत पाच-सहा वेळा तरी सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारच्या उन्हात ४० ते ६० मिनिटे सावकाश पळा. शरीर लवकर आणि जास्त घाम सोडायला शिकते. लक्ष्य वेग किलोमीटरमागे १०-१५ सेकंदांनी कमी धरा, मीठ आणि पाण्याची सवय आधीपासून करा. हातमोजे घरीच ठेवा. रांगेत उभे राहताना गारठा वाटलाच तर टाकून देता येईल असा जुना टी-शर्ट पुरे.

२०. टोरांटो, शिकागोकडे उणे १० मध्ये पळायचे तर?

तीन थर: अंगाला पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारे जॅकेट. बोटे एकत्र राहणारे हातमोजे सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा उबदार. पायात एकावर एक दोन मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त अडून पाय जास्त गार होतात.

तापमानापेक्षा वाऱ्याचा आकडा पाहा. उणे १० आणि ताशी २० किलोमीटर वारा असेल तर कातडीला ते उणे १८ लागते. हा जाणवणारा आकडा उणे २८ च्या आसपास गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिल. जाताना वाऱ्याच्या तोंडाशी आणि येताना वारा पाठीशी, म्हणजे घाम आल्यावर समोरून वारा लागत नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते.

पडण्याचा धोका बर्फाच्या ढिगापेक्षा पारदर्शक पातळ थराचा जास्त. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला असा थर डांबरासारखाच दिसतो. पुलांवर आणि सावलीत तो आधी बनतो. बुटांवर चढवायचे काटे लावा, पावले आखूड टाका. काटे लावून कोरड्या फरशीवर चालू नका, तिथे ते घसरतात.

२१. बोट पांढरे पडून बधिर झाले. चोळायचे का?

चोळायचे नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. आडोशाला जा, ओले हातमोजे काढा, बोटे काखेत धरा. काही मिनिटांत झिणझिण्या येऊन रंग परतला तर नुकसान झालेले नाही, पण त्या दिवशी पुन्हा बाहेर जाऊ नका. कातडी मेणासारखी कडक राहिली किंवा फोड आले तर ती गोठली आहे. रुग्णालयात जायला वेळ लागणार असेल आणि भाग पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, बधिर नसलेल्या हाताने किंवा घरातल्या कुणाच्या कोपराने घ्या. बधिर बोटाला चटका कळत नाही. हीटर किंवा शेगडीजवळ धरल्याने भाजण्याच्या घटना त्यामुळेच होतात.

आपल्याकडे १२-१५ अंशांतही काही जणांची बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. ती गोठत नसतात, रक्तवाहिन्यांच्या अतिसंवेदनशीलतेमुळे तसे होते. हातमोजे घराबाहेर पडण्याआधीच घाला. हा त्रास तिशीनंतर नव्याने सुरू झाला असेल, एकाच हाताला होत असेल किंवा बोटांच्या टोकाला जखमा होत असतील तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.